बाप्याचं सोंग

चांगोचं लग्न मोडलं. पण ते आपल्याला अजून ठाऊक नाही. आत्ता संध्याकाळचे पाच वाजलेत, बालवर्षाच्या कार्यक्रमासाठी शाळेच्या पटांगणात बाकं मांडलीत, आणि चांगो गोणपाटाचा कांगारू होऊन पडद्यामागं उभा आहे. सगळं कसं झकास चाललंय.

गावच्या नाटकात सलग सहा वर्षं चांगोच बाई झाला होता. कंबर बारीक, गळा गोड. पोशीरच्या धोंडीमामानं म्हणूनच त्याला आपली हिरू द्यायचं नाकारलं होतं. "एक लुगडं माझ्या पोरीचं, एक याचं. वाळत कुठं घालायची रं दोन-दोन?" मग जरा नरमून म्हणाला, "एक डाव याला बाप्याच्या सोंगात बघू द्या. तितंच सुपारी फोडतो."

आज तो पहिल्या बाकावर बसला होता. सुपारी खिशात होती. हिरू बायकांच्या बाजूला.

"गुरुजी, नक्की बाप्याच ना?" चांगोनं अकराव्यांदा विचारलं.

"अरे, *तो* कांगारू. व्याकरण बघ. *ती* कांगारू असं ऐकलंयस कधी?"

चांगोनं नव्हतं ऐकलं. मुळात कांगारूच त्यानं पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा ऐकला होता.

"आन ही पोटावरची पिशवी?"

"खिसा म्हण. खिसा बाप्याच्याच कपड्याला असतो. लुगड्याला कधी पाहिलायस?"

चांगोनं तोही नव्हता पाहिला. खिशात शेजारच्या सोनुबाईच्या शेळीचं आठ दिवसांचं करडू बसवलं होतं. शेपटीत पेंढा कोंबला होता. आणि तोंडावर झुबकेदार मिशी होती. ती चांगोनं स्वतः हट्टानं लावून घेतली होती.

पडदा सरला. चांगोनं पाच उड्या मारल्या. त्या बाप्यासारख्याच होत्या. गुरुजी कडेला उभं राहून पुस्तकातून वाचत होते. "हा कांगारू. हा ऑस्ट्रेलियात राहतो. हा गवत खातो. ह्याला मागं चालता येत नाही."

"मिशी हाय," धोंडीमामा शेजारच्याला म्हणाला, आणि त्यानं सुपारी बाहेर काढली. अडकित्ताही काढला.

तेवढ्यात पाहुणे बोलायला उठले. पाहुणे म्हणजे तालुक्याचे गुरांचे डॉक्टर. जनावराबद्दल चुकीचं बोललेलं त्यांना सहन होत नसे.

"फार छान," ते म्हणाले. "फक्त एक दुरुस्ती. पिशवी मादीलाच असते, नराला नसते. पिल्लू जन्मतं तेव्हा करंगळीच्या पेराएवढं असतं. ते आईच्या केसांना धरून पिशवीत चढतं. आत सड असतात, तिथंच महिनोन्महिने दूध पितं. तेव्हा हा कांगारू नव्हे. ही कांगारीण."

 नेमकी तेव्हाच करडानं मान बाहेर काढली, चांगोच्या छातीवरचं गोणपाट तोंडात धरलं आणि चुरूचुरू चोखायला लागलं.

मग सगळं गाव हसलं. हिरू हसली नाही. तिनं पदर तोंडाला लावला. तेवढं चांगोला दिसलं.

त्यानं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींच्या हातात पुस्तक उघडंच होतं. एका ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. चांगो चौथी पास होता, त्यामुळे 'मादी' एवढं त्याला लांबूनही वाचता आलं. रेघ जुनी होती.

"तुमाला ठाव व्हतं, गुरुजी."

"सांगितलं असतं तर उभा राहिला असतास का?" गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "आणि पिल्लू इतकं छान सांभाळायला गावात दुसरं आहे कोण?"

धोंडीमामानं अडकित्ता मिटला. सुपारी परत खिशात गेली.

"ओली बाळंतीण हाय," जाता जाता तो म्हणाला. "बसवा रं तिला कुनीतरी." हिरू त्याच्या मागून गेली.

चांगोला मागं सरून पडद्यात शिरायचं होतं. पण कांगारूला मागं चालता येत नाही हे सगळ्या गावानं नुकतंच ऐकलं होतं. तो तिथंच उभा राहिला. करडाचं पोट भरेना, आणि ते ऐकेना.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या दवाखान्यात चांगोचा एक अर्ज आला:

"मेहेरबान डॉक्टरसाहेब यांचे सेवेशी. अर्ज करतो की, आपण काल सर्वांसमक्ष सांगितल्याप्रमाणे कांगारूच्या नरास पिशवी नाही. सोनुबाईचे करडू सुखरूप पोचते केले आहे. तरी मेहेरबानांनी नरास एक पिशवी मंजूर करावी, व सदर मंजुरी काल सायंकाळी पाच वाजल्यापासून धरावी, ही विनंती."