दुप्पट तंबू

सासऱ्यांचं उत्तर पुन्हा चुकलं होतं. तंबूच्या पुढच्या-मागच्या प्रत्येक त्रिकोणासाठी त्यांनी पाया गुणिले उंची केलं, पण निम्मं करायचं विसरले.

सुनेने कागद हातात घेतला. "बरं झालं बाबा, तुम्ही आहात," असं म्हणाली आणि कापड आपल्या हिशेबाने कापलं.

तंबू शिवायचे तिने आणि गणित करायचं सासऱ्यांनी, अशी घरातली वाटणी होती. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. त्यांचा आकडा कधी हलला नव्हता. ती मात्र गणिताचं नाव काढलं की शिवणाचं काम पुढे करायची. पण मागच्या मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून सासऱ्यांचं काहीतरी बिनसलं. कधी छपराच्या तिरप्या बाजूऐवजी सरळ उंचीच धरायचे, तर कधी कुणी न मागितलेलं जमिनीचं कापडही मोजायचे.

तोंडावर सांगायला तिची जीभ रेटेना. म्हणून ती गुपचूप स्वतःच शिकली. पुठ्ठ्याचा तंबू दुमडायचा, उलगडायचा. दोन आयत, दोन त्रिकोण. पृष्ठफळ म्हणजे हे उलगडलेलं कापडच की, हे एक दिवस डोक्यात बसलं. मग घनफळही आलं: त्रिकोणाचं क्षेत्रफळ गुणिले लांबी, की आतली जागा निघाली.

एका सकाळी फिरत्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या.

"मागचा तंबू छान झाला, पण पेशंट दाटीवाटीने बसतात. तेवढाच रुंद, तेवढाच उंच, फक्त आत जागा दुप्पट हवी. उद्या निघायच्या आत मिळेल?"

सासऱ्यांनी चष्मा चढवला. "मागच्याला एकशे चोवीस चौरस फूट लागलं होतं. जागा दुप्पट, म्हणजे कापड दुप्पट. दोनशे अठ्ठेचाळीस."

घरात दोनशे चाळीसच शिल्लक होतं. नवीन कापड यायला आठवडा लागणार होता.

"मग राहू दे," डॉक्टरीणबाई उठल्या. "बसतील पेशंट उन्हात, दुसरं काय."

आज गुपचूप निभावणार नव्हतं. डॉक्टरीणबाई दारापर्यंत पोचल्या तेव्हा सून बोलली.

"बाबा, लांबी दुप्पट केली की छपराच्या बाजू दुप्पट होतील. शंभराचे दोनशे. पण पुढचं नि मागचं तोंड तेवढंच राहील ना? चोवीसच. म्हणजे दोनशे चोवीस. शिवणीत जाईल ते धरूनही पुरतंय."

सासऱ्यांनी कागदाकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला. "खरंच की," एवढंच पुटपुटले आणि आत निघून गेले.

संध्याकाळी तंबू अंगणात ताठ उभा राहिला. कापड बरोबर पुरलं. डॉक्टरीणबाई खूश होऊन गेल्या, पण सुनेने ताट अर्धंच सोडलं. शेवटी ती स्वयंपाकघरात सासूबाईंजवळ जाऊन बसली.

"आई, परक्या माणसासमोर मी बोलायला नको होतं. त्यांच्या मनाला लागलं असेल."

"लागतंय कसलं," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून गालातल्या गालात हसताहेत. अगं, डॉक्टरीणबाईंचा फोन कालच येऊन गेला होता. अख्खी दुपार घालवली ह्यांनी, तुला पकडायला आधीच्यांपेक्षा जड जाईल अशी एक चूक शोधण्यात."