जपून

घरातल्या मागच्या खोलीत बसून ती लढाऊ विमानांच्या कॉम्प्युटर गेमसाठी हुबेहूब कॉकपिट बनवून द्यायची. यावेळचं गिऱ्हाईक म्हणजे एक तिरसट आजोबा. एका बटणाचा 'टक्' आवाज जरा मऊ आला, तर त्यांनी अख्खं पॅनेल परत पाठवलं होतं. "या वयात युद्धावर निघालेत की काय!" नवरा हसायचा.

आज ते स्वतःच न्यायला आले. तिची लेक बटणांकडे झेपावली तसे ते गुरकावले, "जपून! वस्तू जपावी माणसाने. माझ्या मुलालाही मी हेच शिकवलं."

ती ओशाळली. तिने लेकीला जवळ ओढलं, पण पोरगी कसली गप्प बसते! सीटखालच्या काळ्या-पिवळ्या दांड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, हे काय?"

"हा ओढला की पायलट सीटसकट बाहेर उडतो. विमान पडलं तरी तो वाचतो."

"मग मी वाचले!" म्हणत लेकीने दांडा दोन्ही हातांनी धरून असा हिसका दिला, की तो उखडून तिच्या हातातच आला.

"अगं कार्टे, मोडलास ना!" म्हणत तिने हात उगारला. आजोबांनी तो वरच्यावर धरला.



"मारू नकोस तिला. तिचंच बरोबर आहे, पोरी. माझा मुलगा शेवटपर्यंत विमानच जपत बसला."