उशीला कोण लाइक देतं?

"गिऱ्हाइकाला थेट विचारायचं," भाची म्हणाली. "आमचं दुकान कुठून कळलं? फोनवर पाहिलं म्हणाले, तर या बरणीत एक बटण टाकायचं. नाहीतर त्या बरणीत."

"आणि ते लाइक का काय, ते नाही मोजायचं?" मामाने खोळीत कापूस कोंबत विचारलं.

"उशीला कोण लाइक देतं, मामा? लोक बघतात आणि लाजतात."

मामाला पटलं. त्याच्या उशांचे तिने सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढले होते. एकात तो उशीवर नुसतं डोकं टेकून दाखवणार होता. त्याला खरंच झोप लागली. तिने तोही टाकला.

वडिलांनी तिला महिन्याची मुदत दिली होती. ते सिमेंटच्या गोदामाचे मॅनेजर. "फोनच्या बरणीत बटणं जास्त दिसली, तर कर हेच. नाहीतर एक तारखेपासून गोदामात पोती मोजायला बस." त्यांच्या शब्दापुढे घरात कुकरसुद्धा विचारून शिट्टी द्यायचा.

पहिला आठवडा फोनची बरणी रिकामीच. भाची जेवताना नुसती भात चिवडत बसायची. वडील ताटातून मान वर करून तिच्याकडे बघायचे.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. दणकट खांद्यांची, अबोल माणसं. "फोनवर पाहिलं," म्हणायची आणि उशी काखोटीला मारून चालू पडायची. काहीजण तर पुन्हा आले.

"याला निष्ठा म्हणतात," भाची म्हणाली.

"निष्ठा असू दे, पण यांच्या पायांची धूळ झाडून माझी कंबर गेली," मामा म्हणाला. पण खुशीत होता.

महिनाअखेरीला वडील आले. त्यांनी बरणी उचलली, हलवून बघितली.

"ठीक आहे. गोदामात दुसरं कोणीतरी बघतो."

"भाऊजी, आता माझी झोप तरी बघा," म्हणत मामाने त्यांचाच फोन घेतला आणि दुकानाचं पान उघडलं. पान कोरं होतं.

भाचीने आपल्या फोनवर सेटिंग उघडलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक व्हिडिओखाली एकच ओळ होती: फक्त मला दिसेल.

ती बरणीकडे बघत राहिली.

तेवढ्यात एक माणूस आत आला. "फोनवर पाहिलं," तो तिला म्हणाला. मग त्याला वडील दिसले. तो ओशाळून त्यांच्याजवळ गेला.

"साहेब, पैसे तुमचेच, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या घरात आता माणसांपेक्षा उशा जास्त झाल्यात."