निष्ठेचा फेटा

शेजारच्या पेठेच्या फुटबॉल संघानं तालमीच्या संघातले दोन्ही स्ट्रायकर बोली लावून नेल्यापासून तिच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता.

"पैसा दिसला की पेठ विसरत्यात," कुणीतरी कंटाळून म्हणालं. "आपला गोलकीपर बघा. धैर्यशील जागचा हलला न्हाई."

धैर्यशीलचे वडील तिथंच बशीत चहा ओतत होते. त्यांनी बशी तोंडाला लावली.

रविवारी तालमीनं धैर्यशीलच्या निष्ठेचा सत्कार केला, कोल्हापुरी फेटा बांधला आणि घरापर्यंत वाजतगाजत आणून सोडलं.

दार लावल्यावर त्यानं आधी मोबाईल पाहिला.

"आला का त्यांचा फोन?" वडिलांनी विचारलं.

"न्हाई."

"ईल अजून. तुझ्यासारखा गोलकीपर त्यांच्याकडं न्हाई."

धैर्यशीलनं डोक्यावरचा फेटा चाचपला.

"आता आला तरी कुठल्या तोंडानं जाऊ, आबा?"