विलायती काडतूस

“पाहा मामी, दारू आत, गोळी आत, ठिणगीची टोपीबी आतच!” पंजाबरावाने पितळी काडतूस सासूबाईंच्या नाकासमोर नाचवले. ते उन्हात असे झळकले की बांधावर जमलेल्या साऱ्यांनी डोळे बारीक केले.

कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून अकोल्याच्या या जावयाच्या हाताला चैन नव्हते. गेल्या दसऱ्याला त्याने सासरच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आणल्या, तर सासूबाई मैनाबाईंनी त्या हसत परत केल्या. यंदा त्याने मुंबईहून विलायती बंदूक मागवली. ही तरी सासूबाईंनी ठेवून घ्यावी, म्हणून त्याचा जीव वरखाली होत होता. मैनाबाई एवढेच म्हणाल्या होत्या, “नत्थुजीच्या बंदुकीहून सरस ठरली, तं ठेवीन. मंग पऱ्हाटीची राखण तिच्याच हाती.”

नत्थुजी त्यांच्या कपाशीचा जुना राखणदार. त्याची ठासणीची बंदूक त्याच्याहून हातभर उंच होती.

पहिली परीक्षा चपळाईची. पंजाबरावाने काडतूस सरकवले, खटका ओढला, रिकामे नळकांडे फेकले, दुसरे सरकवले. धाड! धाड! तोवर नत्थुजी शिंगातली दारू नळीत ओतून, वर कापसाचा बोळा घालून गजाने सावकाश ठासत होता.

“नत्थुजी, तवरिक डुकरं पऱ्हाटी खाऊन पान खायले बसतीन!” मैनाबाईंचा मुलगा सूर्यभान ओरडला. लोक खो खो हसले.

दुसरी परीक्षा ओलाव्याची. पंजाबरावाने काडतूस घागरीत बुचकळून काढले, धोतराला पुसले आणि उडवले. पुन्हा धाड!

“आता तुही पाळी!”

नत्थुजीने दारूचे शिंग पोटाशी धरले. “माही दारू आंघोळ करत नाही, बापू.”

हसता हसता सूर्यभान बांधावरून घसरला. पंजाबरावाला तर पाय जमिनीला लागत नाहीत असे झाले. उरली होती नेमाची परीक्षा. बुजगावण्याच्या डोक्यावरचे मडके त्याने पहिल्याच बाराला फोडले. खापऱ्या उडाल्या, त्याने स्वतःभोवती एक गिरकी घेतली. मग दुसरे मडके ठेवले आणि नत्थुजी पुढे झाला.

धडाड्‌ढूम!

जमीन हादरली. बाभळीवरचे कावळे आभाळभर झाले. एका बैलाने खुंटा उपटला. नाल्याच्या लव्हाळ्यातून डुकरांचा कळप उधळला, तो थेट पलीकडच्या शिवारात दिसेनासा झाला. धूर विरला. मडके जसेच्या तसे होते. त्याला साधा ओरखडाही नव्हता.

आता हशाला पारच राहिला नाही. बायांनी तोंडाला पदर लावले. आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होता तो नत्थुजीच!

“बोला मामी!” पंजाबरावाने पागोटे हवेत उडवून झेलले. “चपळाई माही, ओलावा माहा, नेम माहा. ठेवता ना आता बंदूक?”

मैनाबाईंनी एक काडतूस हातात घेतले. उलटसुलट करून पाहिले. त्यांना ते खरोखरच आवडले होते.

“लय सुरेख काम हाय, बापू. याच्यातली गोळी कशी काढाची?”

“गोळी काढाची?” पंजाबराव चक्रावला. “ते आत पक्की आवळेल असते, मामी. अन् काढाची तरी काहून? मंग नुसता आवाजच होईन!”

मैनाबाईंनी काडतूस जावयाच्या तळहातावर ठेवले आणि मायेने त्याची बोटे मिटवली.

“आमी रिद्धपूरच्या देवस्थानाले माथा टेकणारे लोक, बापू. आमच्या वावरात जीव मारत नाहीत. नत्थुजीनं त्या बंदुकीत आजवर एकबी गोळी घातली नाही.”