सात घरांचं लोणचं

रघुजीअण्णांकडून परत आलेल्या डब्याचं झाकण शिवलीलानं उघडलं आणि ती स्टुलावर मटकन बसली. वरच्या कप्प्यात लिंबाचं लोणचं होतं. सलग तिसऱ्या सोमवारी.

"काय झालं?" उमाकांतनं विचारलं. तो नवरा होता आणि डबा पोचवणाराही. आपल्या हातून काही सांडलं की काय, एवढीच त्याला काळजी.

"अहो, अण्णांना गॅस पेटवता येत नाही. मग हे लोणचं कुणी घातलं?"

उमाकांतनं विचार केला. "सकवारअक्कांनी."

"त्यांना जाऊन पाच आठवडे झाले."

"मग आधीच घातलं असणार की."

शिवलीलानं कपाळाला हात लावला. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही सकवारअक्कांची शिस्त अख्ख्या मल्लेश्वरमला ठाऊक. एक वाटी साखर उसनी नेली तरी वाटी परत येताना तिच्यात निदान दोन केळी असायची. आता त्या घरात केळी कोण आणणार? उरली होती एक बरणी. बायकोच्या हातचं शेवटचं लोणचं अण्णा वाटी-वाटीनं सात घरांना वाटत सुटले होते.

चूक तिचीच होती. ओळखीच्या मराठी घरांत कुणी गेलं, की दुःखाची सगळी व्यवस्था शिवलीलाकडे असायची. भेटायला कुणी कधी जायचं, काय न्यायचं, कुणी तिथं तोंड बंद ठेवायचं, सगळं तीच ठरवी. तेरावं झालं, अण्णांची लेक स्मृती शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला परतली, म्हणजे ट्रॅफिक बघता परगावीच गेली. मग शिवलीलानं आठवड्याचे सात वार सात घरांना वाटून दिले आणि अण्णांचा डबा सुरू झाला.

डबा चालला, पण अण्णा रडेनात. आजवर तिनं सहा घरांची दुःखं निभावली होती. सहाही जणांनी दुसऱ्या आठवड्याच्या आत तिच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. अण्णांचा मात्र डोळा ओला नाही. ती रोज फोन करायची. जेवण कसं होतं? "मस्त." काय हवं-नको? "काही नको."

"त्यांनी रडावं म्हणून तू इतकी मागं लागलीयस," उमाकांत म्हणायचा, "की आता मलाच रडू यायला लागलंय."

त्या दुपारी तिनं डब्याच्या बाकीच्या सहा घरांना फोन केले. लोणचं खाऊ नका, उरलं असेल तेवढं घेऊन या. तिला वाटलं होतं, फार तर वाटीभर जमेल.

रंजितानं आणलं ते जसंच्या तसं होतं. घरात सगळ्यांना बीपी. चंद्राबाईंना ॲसिडिटी. गुंडोची बायको म्हणाली, मुलं तिखट खात नाहीत. शिवलीलाच्या स्वतःच्या फ्रिजमध्येही मागच्या दोन सोमवारच्या वाट्या भरलेल्याच निघाल्या. सगळं एकत्र केलं तर शिवलीलाची एक बरणी गळ्यापर्यंत भरली. बायकांपैकी कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

संध्याकाळी पाच वाजता सातही जणी अण्णांच्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या. शिवलीलानं बरणी त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवली.

"अण्णा, आमचं चुकलं. अक्कांच्या हातचं शेवटचं लोणचं, आम्हाला कळलंच नाही. पण एक फोडही वाया गेलेली नाही."

अण्णांनी बरणीकडे पाहिलं. मग सात तोंडांकडे पाहिलं. मग पुन्हा बरणीकडे. त्यांची हनुवटी थरथरली. शिवलीलानं खांदा तयार ठेवला आणि ती अर्धं पाऊल पुढे सरकली.

"चव्वेचाळीस वर्षं खाल्लं मी हे," अण्णा म्हणाले. "आता कुठं संपत आलं होतं."

रंजिताच्या नाकातून फुस्स आवाज निघाला.

"अण्णा, मीठ स्वल्प जास्त..."

"स्वल्प? मिठागर आहे गं ते. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, कसं झालंय? नवं लग्न. मी म्हटलं, मस्त. पुढच्या वर्षी दुप्पट लिंबं आणली, थेट यशवंतपूरच्या बाजारातून." अण्णांनी हात पसरून पोत्याचा आकार दाखवला. "मग दरवर्षी तेच. ती विचारायची, मी मस्त म्हणायचो. खरं सांगायचं राहूनच गेलं."

चंद्राबाईंना हसता हसता ठसका लागला. सगळ्याच हसल्या. अण्णा आपण पाठवलेल्या जेवणालाही रोज मस्तच म्हणतात, हे शिवलीलाच्या ध्यानात आलं आणि तिचं हसू मध्येच थांबलं.

रडलं कुणीच नाही. "मग परत नेऊ का?" तिनं विचारलं. बाकीच्या सहा तोंडांवरचं हसू झटक्यात उतरलं.

"राहू दे आता," अण्णा म्हणाले. "आलंय तर."

मंगळवारी रंजिताचा डबा रिकामा परत आला. स्वच्छ विसळलेला, पण रिकामा. बुधवारी चंद्राबाईंचाही तसाच. "अण्णांना राग आला असेल काय हो?" दोघींचे फोन आले.

शिवलीलानं अण्णांना फोन लावला. "अण्णा, जेवण कसं होतं?"

या वेळी "मस्त" आलं नाही. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला, एकदा, आणि पुन्हा एकदा.

"शिवलीला," अण्णा म्हणाले, "उद्यापासून सगळ्यांना सांग, भाजीत मीठ घालू नका. लोणच्यात आहे."