सगळं उघडा

"उघडा म्हणजे सगळंच उघडा!" सुईण ओरडली. "कपाटं, खिडक्या, डबे, बरण्या. बाई अडलीय, आणि घर कसं गच्च मिटून बसलंय बघा."

भर दुपारी घरात एकच धांदल उडाली. दवाखाना नको, बाळंतपण घरीच, हा हट्ट सूनबाईचा. आता ती पलंगाची कड धरून उकिडवी बसली होती. कळांवर कळा येत होत्या आणि बाळ काही खाली सरकत नव्हतं. नवरा गाडी आणायला पळाला होता. मागे उरले सासू, सासरे आणि ही सुईण. तिची रीतच अशी, बाई अडली की घरात बंद म्हणून काही ठेवायचं नाही.

सासऱ्यांनी बिचाऱ्यांनी छत्रीसुद्धा उघडली. चष्म्याचं घर उघडलं. कवळीची डबी उघडली.

"आता माझं काय राहिलंय?"

"पायजम्याची नाडी," सुईण म्हणाली.

त्या कळेतही सूनबाईला हसू फुटलं. सासरे एका हाताने पायजमा सावरत दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

तरी काही नाही. सूनबाईचे ओठ पांढरे पडायला लागले. सुईणीने तिच्या पोटाला कान लावला, बराच वेळ लावला, आणि मान न वळवता म्हणाली, "ताई, अजून काहीतरी बंद आहे."

"काही नाही गं," सासू म्हणाली.

"मागच्या खोलीतली पेटी."

सासूचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला. पेटीची किल्ली तिथे होती. अंघोळीलासुद्धा तो दोरा कधी निघाला नव्हता.

"ती नको. माझ्या थोरल्याचं झबलं-टोपडं आहे त्यात. तुझ्याच हातात आला होता ना तो? रडलासुद्धा नाही गं. त्याचे कपडे मी आज बाहेर काढू? आज?"

"नका काढू. याचेही त्यातच ठेवा मग."

सासूला चटका बसल्यासारखं झालं.

"आई," सूनबाई कशीबशी बोलली, "उघडा ना."

सासू उठली. मागच्या खोलीत गेली. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरता फिरेना. शेवटी खट्‌ झालं. तिने डोळे मिटून झाकण वर लोटलं. इतक्या वर्षांच्या बंद पेटीतून कुबट वास यायला हवा होता. आला तो कोमट दुधाचा. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या अंगाचा.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून सूनबाईची एक लांब किंकाळी आली, आणि पाठोपाठ सुईणीचा आवाज. "आला गं बाई, आला!"

सासू आत न बघताच धावली. ती उंबऱ्यापर्यंत पोचते न पोचते तोच रडणं सुरू झालं. असं खणखणीत, की दाराबाहेर सासऱ्यांनी दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या, आणि पायजम्याचं व्हायचं ते झालं.

"काय आवाज आहे लबाडाचा!" ते बाहेरून ओरडले.

सासू दारातच थबकली. बाळ सूनबाईच्या छातीवर होतं. गुलाबी, ओलं. तोंड मिटलेलं. शांतपणे श्वास घेत, टकामका आईकडे बघत होतं. सुईण हातातलं फडकं तसंच धरून बसली होती.

रडणं चालूच होतं.

"आई," सूनबाई हळूच म्हणाली, "कोण रडतंय?"

सासू केव्हाच वळली होती.

"आले रे, आले. किती रडशील?" म्हणत ती मागच्या खोलीकडे भराभरा निघाली, आणि चालता चालताच ब्लाउजची बटणं सोडायला लागली.